प्रभाग बदला, पण परिसर मोडू नका

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि पुणे महापालिकेचे १६५ नवनिर्वाचित सदस्य,



पुण्याचा सध्याचा विकास आराखडा कागदोपत्री २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा आहे. त्याचा मसुदा लोकांपुढे आला २०१३ मध्ये. त्यावर सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती आल्या. २०१५ मध्ये सरकारने तो महापालिकेच्या हातून काढून घेऊन तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवला आणि ५ जानेवारी २०१७ रोजी मंजूर केला. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षं अशी तो मंजूर होण्यातच गेली. उरलेली दहा आता सरत आली आहेत. पुढचा आराखडा हाती घ्यावाच लागेल, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २३ खालचा इरादा जाहीर झाला की घड्याळ सुरू होतं, मग मूळ प्रश्न विचारायला कुणालाच सवड नसते. म्हणून तो आधीच विचारतो: नियोजनासाठी या शहराचे छोटे तुकडे कसे पाडायचे, कुणी पाडायचे आणि ते किती काळ टिकवायचे?

आराखडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रस्त्यांच्या लाल रेघा आणि आपल्या जमिनीवर पडलेलं आरक्षण येतं. पण त्या रेघांच्या आधी एक मुकाट काम झालेलं असतं. किती माणसांमागे एक प्राथमिक शाळा, किती माणसांमागे दवाखाना, मंडई, मैदान, हा हिशेब कुठल्या तरी हद्दीच्या आत मांडावा लागतो. हद्द जितकी मोठी, तितका हिशेब देखणा आणि तितकाच निरुपयोगी. तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी हिशेबात धरल्या की माणशी मोकळी जागा झटकन वाढते. भवानी पेठेतल्या मुलाला त्या सरासरीत क्रिकेट खेळता येत नाही.

दिल्लीचं सगळंच अनुकरण करण्यासारखं नाही, पण या बाबतीत त्यांनी विचार केला आहे. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात लोकसंख्येच्या पायऱ्या आहेत: पाच हजारांचा गृहसमूह, दहा हजारांचा शेजार, एक लाखाचा समुदाय, पाच लाखांचा जिल्हा. कुठल्या पायरीवर कोणती सोय हवी, तेही लिहिलेलं आहे. शिवाय इंग्रजी अक्षरांच्या नावाने शहराचे पंधरा नियोजन विभाग आहेत. त्यांतला ‘ओ’ हा विभाग सबंध यमुनेचा. नदी आणि तिचं पूरमैदान एवढंच त्यात येतं. ‘ओ’ विभागातही पुढे बांधकामं उभी राहिलीच, त्यामुळे विभाग पाडला की नदी वाचते असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान नदी ही कुणाची तरी मधली जागा आहे. आपल्याकडे ती सगळ्यांच्या कडेला आहे.

पुण्याची आजची कापणी पाहा. विकास आराखड्याच्या नकाशांची विभागणी एक. पंधरा क्षेत्रीय कार्यालयांची दुसरी. मतदानाच्या ४१ प्रभागांची तिसरी. समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहराचे १४१ झोन पाडले, ती चौथी, आणि यातली सर्वांत समंजस, कारण ती टाकीची उंची आणि जमिनीचा उतार पाहून केलेली आहे. मग पोलीस ठाणी, पिनकोड, सिटी सर्व्हेच्या पेठा, गावांचे सर्व्हे नंबर आणि जनगणनेचे प्रगणक गट. एकाच कापडावर सात-आठ शिंप्यांनी आपापली कात्री चालवावी आणि प्रत्येकाने शेजारच्याची खूण पुसावी, असा हा प्रकार आहे. प्रत्येक विभागाला विचारा, त्याची हद्द त्याच्या कामापुरती बरोबरच असते. अडचण एवढीच, की एखाद्या परिसरात किती माणसं राहतात, त्यांना किती पाणी मिळतं, महापालिकेच्या शाळेत किती मुलं जातात आणि तिथली किती आरक्षणं ताब्यात आली, हे चार आकडे एका ओळीत कुणालाच लिहिता येत नाहीत. चारही आकडे वेगवेगळ्या हद्दींचे असतात.

त्यातली प्रभागाची हद्द सर्वांत चंचल. २००२ ची महापालिका निवडणूक तीन सदस्यांच्या प्रभागांनी झाली, २००७ ची एक सदस्याच्या वॉर्डाने, २०१२ ची दोन सदस्यांच्या, २०१७ ची चार सदस्यांच्या प्रभागांनी. २०२२ साठी पुन्हा तीनची रचना तयार झाली, नकाशे निघाले, हरकती झाल्या आणि ती रचना मोडीत निघाली. मग जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं ते पुन्हा चारच्या प्रभागांनी. चाळीस प्रभागांत चार-चार सदस्य आणि कात्रज-आंबेगावकडच्या ३८ व्या प्रभागात पाच. दर खेपेला बदलाची कारणं राजकीय होती. ती कोणत्या पक्षाच्या सोयीची होती याची चर्चा वर्तमानपत्रांनी पुरेशी केली आहे, इथे तिची गरज नाही. मला खुपतं ते असं, की आपल्याकडे परिसराच्या पातळीवरची लोकशाही जी काही आहे, ती सगळी याच हलत्या हद्दीला बांधलेली आहे. प्रभाग समिती तिथे, नगरसेवकांचा निधी तिथे, २००६ पासून चालत आलेला नागरिकांचा अंदाजपत्रकातला सहभागही शेवटी तिथेच. एखाद्या गल्लीतल्या लोकांनी पाच वर्षं धडपडून पदपथाचा पाठपुरावा करावा आणि सहाव्या वर्षी त्यांना कळावं, की आपली गल्ली आता पलीकडच्या प्रभागात आहे आणि जुनी फाइल अलीकडच्या!

प्रभागाचा आकारही पाहू. २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे ३५ लाखांच्या लोकसंख्येवर हे प्रभाग बेतले आहेत. सरासरी एका प्रभागात ऐंशी हजारांहून अधिक माणसं येतात. ही झाली पंधरा वर्षांपूर्वीची गणती. मधल्या काळात आंबेगाव, बाणेर, खराडी, वाघोली कशी फुगली ते सांगायला नको. ऐंशी हजार म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपरिषदांपेक्षा मोठं गाव. त्या गावाला स्वतःचा मुख्याधिकारी असतो, स्वतःचा आराखडा असतो. पुण्यातल्या तेवढ्याच माणसांना मिळतो फक्त एक क्रमांक.

आता नदीकडे येतो, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. प्रभाग पाडताना सूचना अशी असते, की हद्दीसाठी मोठे रस्ते, रेल्वेमार्ग, नदी, नाले यांचा आधार घ्यावा. मतदारयाद्यांसाठी हे शहाणपणाचं आहे, कारण ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या घरांत गोंधळ होत नाही. नियोजनासाठी मात्र हेच अगदी उलटं पडतं. पाणी दोन्ही काठांवरून एकाच पात्रात येतं. ओढा हा परिसराचा कणा आहे आणि आपण त्याची किनार करून ठेवली. जो ओढा दोन प्रभागांची हद्द होतो त्याच्या एका काठावरची सीमाभिंत एका प्रभागाच्या निधीतून बांधली जाते. ती झाली की पाणी पलीकडच्या काठाला धडकतं.

आंबील ओढा आठवावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेलं पाणी पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल, दत्तवाडी असं सगळ्यांना झोडपत मुठेला मिळालं. त्या रात्रीच्या पावसाने आणि पुराने शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. काही जण भिंत कोसळून, काही वाहून. ओढ्याच्या उगमापासून संगमापर्यंतचं अंतर जेमतेम काही किलोमीटर. पण तेवढ्यात किती प्रभाग येतात, किती क्षेत्रीय कार्यालयं येतात, सोसायटीची भिंत कुणाच्या हद्दीत, झोपडपट्टी कुणाच्या, पूल कुणाचा, कल्व्हर्ट कुणाचा! ओढा मात्र एकच. कात्रजच्या उतारावर फरशी पडली की दांडेकर पुलाशी पाणी वाढतं, हे ज्या एका टेबलावर दिसावं असं टेबलच नाही.

गंमत म्हणजे या शहराच्या जुन्या वाढीची गुरुकिल्लीही हाच ओढा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीपाशी बांध घालून त्याला वळवलं, तेव्हा शहराला जुन्या पात्रापलीकडे पसरायला वाट मिळाली. सारसबागेची जागा त्या बांधाने झालेल्या तळ्याची. कात्रजचं पाणी नळांनी शहरात आणून हौदांत सोडलं. पेठ वसवायची तर आधी पाणी, मग बाजार, मग घरं, असा तो क्रम होता. अठराव्या शतकातल्या पेठा म्हणजे आजच्या भाषेत छोटे नियोजन विभागच होते: ठरावीक हद्द, स्वतःचा बाजार, स्वतःचे शेटे-महाजन, चावडी आणि बहुतेक ठिकाणी पाण्याची सोय. विसापूरची शुक्रवार झाली, मलकापूरची रविवार झाली, शिवपुरीची रास्ता पेठ झाली, पण ठिकाणं हलली नाहीत. आजही सिटी सर्व्हेचा उतारा पेठेच्या नावानेच निघतो.

पेठांच्या आठवणीने हळवं व्हायची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. पेठांची रचना जातींची आणि धंद्यांची होती. कुणी कुठल्या बाजूला राहायचं, कुणी कुठल्या हौदावर पाणी भरायचं, हे हद्दीच्या आतही ठरलेलं होतं. पेठ परत आणा असं म्हणणारा मी नाही. त्यातून उचलण्याजोगी गोष्ट एकच: पायी फिरता येईल एवढी हद्द, आणि ती सुभेदार बदलला म्हणून न बदलणारी.

काठावरच्या गावांचं काय झालं तेही याच ओघात आठवतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. शहराचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, मुंबईलाही मागे टाकून. पण त्या २३ गावांचं नियोजन महापालिकेकडे न देता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे, दिलं. कर आणि कचरा एकाकडे आणि रस्त्याची रेघ दुसऱ्याच ठिकाणी. पीएमआरडीएने आराखडा प्रसिद्ध केला, लोकांनी वर्षानुवर्षं सुनावण्यांना हजेरी लावली आणि २०२५ मध्ये तो आराखडाच सरकारने रद्द केला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीची कथा तर त्याहून न्यारी. महापालिकेने तिथे नगररचना योजना आखल्या, आणि मग ती दोन्ही गावंच महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. अशा ठिकाणी गावठाण, त्याभोवतीच्या वाड्या आणि मधे उगवलेले गृहप्रकल्प मिळून एक परिसर होतो. तो कुणाच्याही ताब्यात जावो, त्याची स्वतःची एक स्थिर हद्द आणि स्वतःचं नोंदपत्रक असतं, तर प्रत्येक हस्तांतरात सगळं शून्यापासून सुरू करावं लागलं नसतं.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या आराखड्याचा इरादा जाहीर करण्यापूर्वी सबंध शहराचे दोन पातळ्यांवर कायम नियोजन घटक आखावेत. खालचा, साधारण पाच हजार माणसांचा शेजार. तीन-चार शेजारांचा मिळून पंधरा ते वीस हजारांचा परिसर. एवढ्या मोठ्या शहराचे असे दोन-अडीचशे परिसर होतील, फार तर तीनशे. ओढा, नदी, टेकडीचा उतार हद्दीवर नको, परिसराच्या पोटात हवा. हद्द काढायचीच असेल तर ती पाणलोटाच्या माथ्यावरून, नाहीतर ज्या रस्त्यावरून म्हाताऱ्या माणसाला आणि शाळेच्या पोराला पलीकडे जाता येत नाही अशा रुंद रस्त्यावरून काढा. नगर रस्ता किंवा सिंहगड रस्ता ही खरी हद्द आहे. सहा मीटरची गल्ली नाही.

प्रधान सचिवांना विशेष विनंती, कारण प्रभागरचनेचे आदेश २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याच विभागातून निघतात. प्रभाग हवे तेव्हा बदला. दोनचे करा, चारचे करा, ते राजकारण आहे आणि चालणारच. पण प्रभाग हा अख्ख्या परिसरांचा जुडगा असावा. लोकसंख्येत दहा टक्क्यांपर्यंतच फरक चालतो, अख्खे परिसर घेऊन हे गणित नेहमी जुळणार नाही, असा आक्षेप आपले अधिकारी घेतील आणि तो बरोबर आहे. म्हणूनच खाली पाच हजारांचा शेजार हवा. परिसर तोडावाच लागला तर तो शेजाराच्या शिवेवर तोडा आणि का तोडला ते अधिसूचनेत दोन ओळींत लिहा. आजही प्रभाग करताना प्रगणक गट फोडायचा नाही असा दंडक आहेच. तोच दंडक एक पायरी वर न्यायचा आहे, नवा कायदा लागत नाही.

प्रगणक गटांचा विषय निघाला, तर त्याचा मुहूर्तही हाच आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. एक प्रगणक साधारण सातशे-आठशे माणसांचा गट मोजतो. पंधरा हजारांचा परिसर म्हणजे असे वीसेक गट. गटांच्या याद्या महापालिकेचेच कर्मचारी करतात. प्रत्येक गटाच्या नोंदीपुढे परिसराचा क्रमांक घातला, एवढं साधं काम केलं, तर २०२७ नंतर पहिल्यांदाच कळेल की धानोरीच्या अमुक परिसरात सहा वर्षांखालची मुलं किती आणि तिथल्या अंगणवाड्या किती. हे आत्ता केलं नाही तर पुन्हा दहा वर्षं थांबा, आणि मागची दहा वर्षं कशी सोळा झाली ते आपण पाहिलंच आहे.

दुसरं घड्याळ आरक्षणांचं. त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. बागेचं, शाळेचं, दवाखान्याचं आरक्षण नोटिशीच्या कागदाने सुटेल आणि समोरच्या इमारतीतल्या माणसाला ते बांधकामाचे पत्रे ठोकले गेल्यावर कळेल. शहरभराच्या आरक्षणांची जाडजूड यादी संकेतस्थळावर टाकली की माहिती दिली असं होत नाही. परिसराचं एक पान करा: नकाशा, त्यातली आरक्षणं, प्रत्येकाची तारीख, ताबा कुठवर आलाय, नोटीस आली आहे का. क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर ते लावा. आपल्या मैदानाची मुदत कधी संपते हे माहीत असलेले शंभर शेजारी भूसंपादन विभागाच्या दहा स्मरणपत्रांहून भारी पडतात. मालकांचं म्हणणंही रास्त असतं. वीस-वीस वर्षं जमीन अडकवून मोबदला न देणं हा अन्यायच आहे. पान उघडं असेल तर तोही दिसेल.

नगरसेवकांना यात आपलं महत्त्व कमी होईल असं वाटण्याची शक्यता आहे. चार जणांच्या प्रभागात कोणतं काम कुणाचं यावरून आत्ताच जी ओढाताण चालते, ती आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. परिसर ठरलेले असतील तर निदान एकेका सदस्याला एकेक परिसर आपल्यात वाटून घेता येईल. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, ती कागदावरच पडून आहे. क्षेत्रसभा भरवायची तर क्षेत्र कुठलं, हे आधी ठरायला हवं.

एका धोक्याची जाणीव ठेवून ही मागणी करतो आहे. छोटी हद्द आखली की तिच्यावर कुंपण घालणारे हात लगेच तयार होतात. ‘आमची बाग’ म्हणून फाटक लागतं, पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना वॉचमन अडवतो. आखणी करणाऱ्यांनी सोसायट्यांचा एक परिसर आणि झोपडपट्टीचा दुसरा असं सोपं काम केलं, तर आजच्यापेक्षा वाईट होईल. जनता वसाहत आणि तिच्या पायथ्याच्या इमारती यांचं पाणी, रस्ता, शाळा, कामधंदा एकमेकांत गुंतलेला आहे. त्यांना वेगळं काढणारी रेघ नकाशावर नीटनेटकी दिसली तरी ती चुकीची. म्हणून आखणी केवळ सल्लागार कंपनीच्या संगणकावर होऊ नये. मसुदा करा, पण तो घेऊन कनिष्ठ अभियंता, आरोग्यसेविका, पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन आणि त्या भागातली चार माणसं एकदा हद्दीवरून चालत जाऊ देत. आपला परिसर कुठे संपतो हे व्हॉल्व्हमनला विचारा, तो अचूक सांगेल.

सगळं शहर एकदम नको वाटत असेल, तर आंबील ओढ्यापासून सुरुवात करावी. कात्रजच्या तलावापासून दत्तवाडीपर्यंतचा पाणलोट घ्या, त्याचे परिसर आखा, प्रत्येक परिसराचं पान तयार करा आणि सबंध पाणलोटाची जबाबदारी एका अभियंत्याच्या नावाने लिहून द्या. मसुदा त्या पट्ट्यातल्या क्षेत्रीय कार्यालयांत लावून महिनाभर हरकती मागवाव्यात. या पावसाळ्यापूर्वी एवढं होण्यासारखं आहे. पुढच्या आराखड्याच्या इराद्याचा ठराव मुख्य सभेपुढे येईल तेव्हा त्याला हे नकाशे जोडलेले असावेत, आणि ते जोडल्याशिवाय ठराव मंजूर करू नये, अशी सर्व १६५ सदस्यांना विनंती आहे.

कळावे,
आपला,
पुण्याचा एक मिळकतकरदाता